गल्लीचा रस्ता नव्याने होताना महापालिकेशी चर्चा कशी करावी : रहिवाशांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, कोठेही पाहिले तरी गल्लीच्या रस्त्यावरून होणारा वाद ठरावीक वळणाने जातो. जेसीबी येऊन उभा राहतो, माणसे घराबाहेर पडतात, कनिष्ठ अभियंत्याभोवती गराडा पडतो, ‘काँक्रीटच पाहिजे’ की ‘डांबर बरे’ यावर तासभर आवाज चढतात आणि शेवटी अंदाजपत्रकात जे लिहिलेले असते तेच होते. पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचे पाणी ओट्यावर चढते, आणि पुढे काही महिन्यांत नळाची गळती काढण्यासाठी तोच रस्ता फोडला जातो. यात यंत्रणेचा दोष असतोच. पण रहिवासी चुकीच्या वेळी, चुकीच्या अधिकाऱ्याकडे, चुकीचा मुद्दा घेऊन जातात, हेही तितकेच खरे आहे.

रस्त्याची चर्चा ज्या क्रमाने व्हायला हवी तो क्रम असा आहे: आधी जमिनीखालच्या वाहिन्या, मग पाण्याचा उतार आणि रस्त्याची पातळी, मग रुंदी, आणि सर्वांत शेवटी वरचा थर. बहुतेक बैठका नेमक्या उलट्या टोकाने सुरू होतात. पुढचे टप्पे त्यामुळेच या क्रमाला धरून दिले आहेत.

## टप्पा १ : रस्ता कोणाचा आणि काम कागदावर कोठे आहे, हे आधी शोधावे

जळगाव आणि धुळे येथे महानगरपालिका आहे. नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर येथे नगरपरिषदा आहेत. महापालिकेत अर्ज आयुक्त आणि शहर अभियंत्याच्या नावे जातो, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. मात्र शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता त्या संस्थेच्या ताब्यात असतोच असे नाही. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्गाचे असतात, आणि वाढीव हद्दीतल्या कित्येक कॉलन्यांत तर मंजूर अभिन्यासातला (लेआउटमधला) रस्ता विकासकाने महापालिकेकडे कधी हस्तांतरितच केलेला नसतो. अशा वेळी काम अडण्याचे खरे कारण निधी नसून हस्तांतरण असते, आणि ते नगररचना विभागात गेल्याशिवाय कळत नाही. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि मंजूर अभिन्यासाचा नकाशा, हे दोन कागद हातात आले की हा प्रश्न मिटतो.

त्यानंतर काम कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे. साधारण क्रम असा असतो: स्थळ पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश) आणि मग प्रत्यक्ष काम. अंदाजपत्रक तयार होत असताना रहिवाशांनी सांगितलेली गोष्ट एका ओळीने त्यात घालता येते. निविदा निघाल्यावर तीच गोष्ट अतिरिक्त बाब ठरते, तिच्यासाठी सुधारित मान्यता लागते, आणि कार्यादेशानंतर तर कनिष्ठ अभियंत्याच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून ‘आमच्या रस्त्याचे कधी होणार?’ हा प्रश्न सोडून ‘अंदाजपत्रक कोणी, कोणत्या महिन्यात केले आणि त्याला तांत्रिक मान्यता मिळाली का?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर देणारा लगेच सावरून बसतो.

निधी कोठून येतो हेही विचारावे. नगरोत्थान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, वित्त आयोग, महापालिकेचा स्वनिधी, प्रत्येकाचे नियम आणि खर्चाची मुदत निराळी असते. मार्चअखेर निधी परत जाईल या धास्तीने फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने निघालेली कामे मग एप्रिल-मेच्या उन्हात ओतली जातात. खानदेशात याचा अर्थ काय होतो ते सातव्या टप्प्यात येईल.

इशारा : नगरसेवक किंवा कार्यकर्त्याने ‘काम मंजूर झाले’ असे सांगितले म्हणजे ते मंजूर झाले, असे धरू नये. मंजुरीचा ठराव किंवा आदेश क्रमांक व दिनांकासह मागावा.

## टप्पा २ : बोलण्याआधी कागद मिळवावेत

लागणारे कागद मोजकेच आहेत: अंदाजपत्रक आणि त्यासोबतचा आडवा छेद दाखवणारा नकाशा, कार्यादेश, निविदेतील दोष दायित्व कालावधीची (ज्या मुदतीत रस्ता बिघडल्यास कंत्राटदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा, त्या मुदतीची) अट, आणि त्या गल्लीतल्या जलवाहिनी व गटारीचा उपलब्ध नकाशा. निविदा ऑनलाइन निघाली असेल तर शासनाच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर तिचा तपशील पाहता येतो. बाकीचे कागद आधी साध्या पत्राने मागावेत. पुष्कळदा उपअभियंता समोर बसवून फाईल दाखवतो आणि काम तिथेच होते.

तसे न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज पुरतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. रस्ता, गटार, पथदिवे आणि मागच्या पाच वर्षांतील सर्व खर्च एकाच अर्जात कोंबला की तो याच कारणावरून परत येतो. उत्तर न आल्यास तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

याच कायद्यातली एक तरतूद फार थोडे लोक वापरतात. माहितीच्या अधिकारात कागदांच्या प्रतींबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही समावेश आहे. काम चालू असताना हा अर्ज दिला गेला आहे एवढे कळले तरी साइटवरची शिस्त बदलते.

अंदाजपत्रक हातात आल्यावर एकूण रक्कम पाहून चर्चा सुरू करू नये. त्यातल्या चार ओळी शोधाव्यात: खोदाई किती सेंटिमीटर, मुरूम-खडीचे थर किती, वरच्या थराची जाडी किती, आणि गटारीचे काम त्यात धरले आहे की नाही. यांतली खोदाईची ओळ कोरी किंवा नाममात्र असेल, तर पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

## टप्पा ३ : गल्लीची पाहणी स्वतः करावी

हा टप्पा लोक टाळतात, कारण तो कंटाळवाणा आहे. प्रत्यक्षात बैठकीत जो पक्ष आकडे घेऊन बसतो त्याचेच म्हणणे इतिवृत्तात जाते.

पातळीची मोजणी. एखाद्या गवंड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन पाण्याच्या पारदर्शक नळीने संपूर्ण गल्लीची पातळी काढून घ्यावी. नळीत बुडबुडा राहिलेला नाही ना, हे आधी पाहावे. गल्लीच्या एका टोकाच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ऑइल पेंटची लाल खूण करावी आणि तीच पातळी नळीने पुढे नेत प्रत्येक चौथ्या-पाचव्या घराच्या भिंतीवर उतरवावी. मग प्रत्येक खुणेपासून खाली टेप सोडून पाच मापे घ्यावीत: घराचा उंबरा, ओटा, रस्त्याची कड, रस्त्याचा मध्य आणि गटारीचा तळ. वहीत घरक्रमांकानुसार तक्ता करावा. जो उंबरा सर्वांत खाली असेल ते घर या रस्त्याची मर्यादा ठरवते. बाकी सर्व घरे कितीही उंच असोत.

हिशेब साधा आहे. समजा त्या घराचा उंबरा आजच्या रस्त्यापेक्षा ३० सेंटिमीटर वर आहे. प्रस्तावात १० सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर १५ सेंटिमीटर काँक्रीट आहे, आणि खोदाई नाही. म्हणजे रस्ता २५ सेंटिमीटरने वर येणार आणि उंबऱ्याखाली उरणार अवघे ५ सेंटिमीटर. त्या घरात पाणी शिरणार हे सांगायला अभियंता लागत नाही. जुन्या पेठांत तर एकावर एक थर चढत जाऊन ओट्याच्या दोन पायऱ्या आधीच गडप झालेल्या असतात.

गटार आणि उतार. गटारीचे पाणी शेवटी कोठे जाते, हे टोकापर्यंत चालत जाऊन पाहावे. गल्लीतली गटार उत्तम बांधली आणि ती ज्या मोठ्या गटारीला मिळते तिचा तळ वर असला, तर पाणी उलटे फिरते. गेल्या पावसाळ्यातली तुंबलेल्या पाण्याची छायाचित्रे कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये असतात. ती दिनांकासह गोळा करावीत.

जमिनीखालचे. मुख्य जलवाहिनी रस्त्याच्या कोणत्या बाजूने जाते, ती कशाची आहे, घरोघरचे नळजोड कोठून ओलांडतात आणि त्यांतले किती जोड थेट गटारीतून गेले आहेत, याची यादी करावी. जुन्या वस्त्यांत गटारीतून गेलेला गंजका नळजोड ही नेहमीची बाब आहे आणि नळाला गढूळ पाणी येण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. रस्ता नवा होतो तेव्हा हे जोड बदलण्याची जी संधी मिळते, ती पुन्हा अनेक वर्षे मिळत नाही.

माती. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरून केलेला रस्ता, वरचा थर कितीही चांगला असला तरी, कडेने खचतो. आणि शेजारची गटार झिरपत असेल तर लवकर खचतो. गल्लीत अलीकडे घर बांधलेल्या कोणालाही पायाच्या खोदाईत काय लागले ते विचारावे. काळी माती असेल तर ती ठरावीक खोलीपर्यंत काढून मुरूम भरणे आणि थराथराने पाणी मारून रोलरने दाबणे, ही बाब अंदाजपत्रकात आहे का, हा प्रश्न तयार ठेवावा.

रस्त्यावरचे कडुनिंब आणि इतर झाडे, विजेचे खांब, डीपी (वीज वितरणाची पेटी) आणि कूपनलिका यांचीही नोंद करावी. झाडाच्या बुंध्याला काँक्रीट भिडवू देऊ नये. किमान एक मीटर मोकळी जागा मागावी. झाड तोडण्याचा विषय निघाला तर वृक्ष प्राधिकरणाची स्वतंत्र परवानगी लागते, ती रस्त्याच्या मंजुरीत आपोआप येत नाही.

## टप्पा ४ : घराघरांतले मतभेद घरातच मिटवावेत

अधिकाऱ्यांसमोर रहिवासी आपसांत भांडले की बैठक संपली असे समजावे. अभियंता शांतपणे म्हणतो, ‘आधी तुमचे ठरवा, मग आम्हाला सांगा,’ आणि निघून जातो. त्याचे म्हणणे चूकही नसते.

वादाचे विषय ठरलेले आहेत. पहिला, रस्त्यात आलेले ओटे, पायऱ्या आणि गाडी चढवण्याचे उतार. मंजूर अभिन्यासात रस्ता नऊ मीटर असेल आणि जागेवर सात मीटर भरत असेल, तर उरलेले दोन मीटर कोणाच्या तरी ओट्याखाली आहेत. हा विषय झाकून ठेवला तर एक तक्रार अर्ज पूर्ण काम थांबवतो. सर्वांनी समान अंतर मागे सरकण्याचे आधी ठरवले तर अतिक्रमण विभागाला पाचारण करण्याची वेळ सहसा येत नाही. दुसरा विषय दुकानदारांचा, आणि तिसरा भाडेकरूंचा, ज्यांना कोणी विचारत नाही पण ज्यांच्या घरी पाणी सर्वांत आधी शिरते, कारण तळमजल्याच्या मागच्या खोल्या बहुधा त्यांच्याकडे असतात.

गल्लीतून बोलण्यासाठी तीन जण निवडावेत. एक हिशेब आणि कागद सांभाळणारा, एक आबा किंवा अप्पा म्हणून ज्यांचा शब्द दोन्ही बाजूंना मान्य आहे असा ज्येष्ठ, आणि एक महिला. पाणी कधी येते, किती वेळ येते, कोठे तुंबते याची अचूक माहिती बायकांकडेच असते, आणि तरीही बैठकीत त्या मागे उभ्या असतात.

पडताळणी : मागण्यांचे निवेदन एका पानात बसते का? प्रत्येक मागणीपुढे मोजमाप किंवा घरक्रमांक आहे का? नसेल तर अजून बैठक मागू नये.

## टप्पा ५ : बैठक गल्लीतच घ्यावी

बैठक महापालिकेच्या दालनात घेतली तर चर्चा कागदावर राहते. ती गल्लीत, सकाळी आठच्या सुमारास, भिंतीवरच्या लाल खुणांच्या साक्षीने घ्यावी. निमंत्रणाचे पत्र एकट्या बांधकाम विभागाला न देता पाणीपुरवठा, भुयारी गटार किंवा मलनिस्सारण, विद्युत विभाग आणि महावितरण अशा सर्वांना द्यावे आणि प्रत्येकाची आवक क्रमांकाची पोहोच घ्यावी. अमृत योजनेच्या जलवाहिन्या आणि भुयारी गटारींसाठी जळगावात, आणि भुयारी गटारीसाठी धुळ्याच्या देवपुरात, रस्ते कसे खोदले गेले ते लोकांनी पाहिले आहे. दोन विभाग एकाच वेळी एकाच गल्लीत उभे राहिले, तर नंतरची खोदाई टळण्याची निदान शक्यता तरी राहते.

विषयांचा क्रम सोडू नये. पहिला प्रश्न पाणीपुरवठा विभागाला: ‘साहेब, या गल्लीत पुढच्या काही वर्षांत नवी वाहिनी टाकायची आहे का? असेल तर ती रस्त्याआधी टाकणार का?’ उत्तर ‘हो, पण अजून मंजुरी नाही’ असे आले, तर पुढची चर्चा पूर्ण बदलते. अशा गल्लीत काँक्रीटचा आग्रह धरणे म्हणजे स्वतःच्या पैशाने केलेले काम स्वतःच फोडण्याची तयारी ठेवणे होय. तेथे पेव्हर ब्लॉक बरे पडतात. ते काढून पुन्हा बसवता येतात. हलक्या वाहतुकीच्या गल्लीला ६० मिलिमीटर जाडीचे आणि जड वाहने येत असतील तर ८० मिलिमीटरचे ब्लॉक सामान्यतः वापरले जातात, मात्र खालचा थर नीट दाबलेला आणि दोन्ही कडांना पक्की बांधणी असावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर ते हलू लागतात.

दुसरा विषय गटार, तिसरा पातळी. येथे आवाज चढण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. एखादी आजी पुढे येऊन म्हणते, ‘रस्ता वर गया ते पानी मना घरमा यी’ (रस्ता वर गेला तर पाणी माझ्या घरात येईल). तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर असते, पण इतिवृत्तात ते ‘नागरिकांनी पाणी शिरण्याची भीती व्यक्त केली’ असे उतरते आणि तेथेच मरते. तिच्या घराचे माप तक्त्यातून काढून लगेच सांगावे: ‘या घराचा उंबरा आणि रस्ता यांत ३० सेंटिमीटर अंतर आहे, नवा रस्ता आजच्या पातळीपेक्षा वर येणार नाही, त्यासाठी २५ सेंटिमीटर खोदाई धरावी.’ हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेता येते, आणि अभियंत्यालाही वरिष्ठांपुढे ठेवता येते.

रुंदी चौथी. वरचा थर सर्वांत शेवटी, आणि त्यावर फार वेळ घालवू नये. पाणी साचणाऱ्या, अरुंद आणि वाहिन्यांची कामे पूर्ण झालेल्या गल्लीला काँक्रीट मानवते. उतार चांगला असलेल्या, मोठ्या रस्त्याला डांबर चालते आणि दुरुस्ती स्वस्त पडते. पाणी तुंबणाऱ्या जागी डांबर टिकत नाही. एवढे सांगितल्यावरही काँक्रीटवरच हटून बसणारे लोक असतात. त्यांना बहुधा रस्त्यापेक्षा शेजारच्या गल्लीशी बरोबरी हवी असते.

समोरच्या माणसाच्या मर्यादा ओळखाव्यात. कनिष्ठ अभियंत्याला मंजूर रकमेबाहेर शब्द देण्याचा अधिकार नसतो. त्याच्याकडून ‘करतो साहेब, बघतो’ असे वदवून घेण्यात काही मिळत नाही. ‘हे तुमच्या अधिकारात आहे का? नसेल तर कोणाच्या? प्रस्ताव कधी पाठवाल?’ या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र तो देऊ शकतो. मंजूर रकमेत खोदाई बसत नसेल, तर रस्त्याची लांबी कमी करून पातळी नीट राखावी की नाही, हा कठीण निर्णय रहिवाशांनीच घ्यावा. माझ्या मते अर्धी गल्ली नीट होणे हे पूर्ण गल्ली उंच होण्यापेक्षा केव्हाही चांगले.

बैठक संपण्यापूर्वी इतिवृत्त हाताने लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. अधिकाऱ्याने सही टाळली तर अडवून धरू नये; त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘काल स्थळ पाहणीत पुढीलप्रमाणे चर्चा झाली’ असे पत्र आवक विभागात देऊन शिक्का घ्यावा. त्याला आक्षेप आला नाही, तर पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

इशारा : यंत्रासमोर आडवे पडणे, चावी काढून घेणे, कर्मचाऱ्याच्या अंगावर जाणे यांतून शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यानंतर चर्चा रस्त्याची राहत नाही, जामिनाची होते.

## टप्पा ६ : खोदाईच्या आधीचा आठवडा

कामाचा फलक लागला आहे का ते पाहावे. त्यावर कामाचे नाव, रक्कम, कंत्राटदार, मुदत आणि दोष दायित्व कालावधी असायला हवा. छायाचित्र काढून ठेवावे. नळाला पाणी येण्याचे दिवस कंत्राटदाराला लेखी द्यावेत, कारण आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी रोज येत नाही आणि पाण्याच्या दिवशीच वाहिनी फुटली तर गल्ली आठवडाभर कोरडी राहते. आजारी माणसे, बाळंतिणी, आणि मांडव पडणार असलेली घरे यांची यादी द्यावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात आणि लग्नांची गर्दी त्याच सुमारास असते. या काळात पूर्ण गल्ली एकदम न उकरता अर्धी-अर्धी बाजू घेण्याचा आग्रह धरावा. काम लांबून श्रावणात गेले तर कानबाई देवीची मिरवणूक चिखलातून काढावी लागते, हेही कंत्राटदाराला आधीच सांगावे.

रस्त्याखालून आडवे मोकळे पाइप ठराविक अंतरावर टाकून ठेवायला सांगावे. पुढे केबल किंवा नळजोड नेताना रस्ता फोडावा लागत नाही. खर्च किरकोळ असतो, पण खोदाईच्या आधी सांगितले नाही तर ते कोणीही टाकत नाही.

## टप्पा ७ : काम चालू असताना काय पाहावे

रोज दोघांनी पाळीपाळीने लक्ष ठेवावे आणि वहीत नोंद करावी. मजुरांशी हुज्जत घालू नये. त्रुटी दिसली तर छायाचित्रासह कनिष्ठ अभियंत्याला कळवावे.

खोदाई आणि खालचे थर. लाल खुणेपासून टेप सोडून खोदाईची खोली मोजावी. मुरूम एकदम जाड न पसरता थरांत पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला जातो का ते पाहावे. जलवाहिनीच्या चराची भराई हे नेहमीचे कच्चे ठिकाण असते. तेथे माती ढकलून वर खडी टाकली तर रस्त्यावर पुढे नेमकी तेवढ्याच रुंदीची खाच पडते. नळजोड पूर्ण होऊन पाण्याच्या दिवशी गळती तपासल्याशिवाय वरचा थर टाकू देऊ नये.

काँक्रीट. साच्याची उंची आणि तळ यांतले अंतर टेपने मोजले की जाडी कळते. दुसरी पडताळणी गाड्यांची आहे. १०० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला ७५ घनमीटर काँक्रीट लागते. एका मिक्सर गाडीत साधारण ६ घनमीटर माल येतो, म्हणजे बारा-तेरा गाड्या यायला हव्यात. दहाच आल्या असतील, तर सरासरी जाडी १२ सेंटिमीटरच भरते. प्रत्येक गाडीची चलन पावती पाहून त्यावरचे प्रमाण आणि एम ३० किंवा जी असेल ती प्रत वहीत लिहावी.

माल घट्ट वाटतो म्हणून गाडीत नळीने पाणी सोडले जाते, ते ताबडतोब थांबवायला सांगावे. त्याने काँक्रीट पसरायला सोपे जाते आणि कायमचे दुबळे होते. चाचणीचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे जागेवर, त्याच मालातून भरले जातात का, त्यांवर दिनांक लिहिला जातो का हे पाहावे. त्यांची सात आणि अठ्ठावीस दिवसांची चाचणी होते; अहवालाची प्रत मागावी.

उन्हाचा मुद्दा येथे येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भर दुपारी ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी वरून उडून जाते आणि संध्याकाळपर्यंत बारीक भेगांचे जाळे दिसू लागते. ओतणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर व्हावे. सांध्यांचे काप साधारण चार-साडेचार मीटरवर असतात आणि त्यांची खोली जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवतात. उन्हाळ्यात ते त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मारले गेले नाहीत तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने वेडेवाकडे तडकते. त्यानंतर किमान चौदा दिवस ओलावा हवा. मातीचे बांध घालून वाफे भरणे किंवा ओले गोणपाट अंथरणे, दोन्ही चालते. दिवसातून एकदा टँकरने शिंपडणे आपल्या उन्हात पुरत नाही. पाणी कोणी आणायचे, टँकर की कूपनलिका, हे आधीच ठरलेले असावे, कारण ‘पाणीच नाही’ ही सबब येथे हमखास ऐकू येते. गटारीचे पाणी वापरू देऊ नये.

डांबर. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकला तर पातळी वाढतेच, शिवाय जुने खड्डे नव्या थराखाली तसेच राहतात. पृष्ठभाग झाडून धूळमुक्त करावा, त्यावर चिकट डांबराचा पातळ फवारा सर्वत्र पडावा आणि मगच माल पसरावा. मालाला तापमापक लावून आकडा वाचून दाखवायला अभियंत्याला सांगावे; मालाचे तापमान शंभर अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलरचे काम आटोपले पाहिजे. ओल्या रस्त्यावर डांबर टाकू देऊ नये, मग पावसाचा शिडकावा कितीही किरकोळ असो.

मध्यापासून कडेकडे उतार हवाच. सहा मीटर रुंद रस्त्याला दोन टक्के उतार दिला तर मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर वर असतो. दोरी ताणून ते दोन मिनिटांत पाहता येते. चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत बसवून घ्यावीत. खाली राहिलेले झाकण खड्डाच असते.

## टप्पा ८ : देयक निघण्यापूर्वी आणि त्यानंतर

काम संपल्यावर लगेच एक टँकर पाणी गल्लीच्या वरच्या टोकाला सोडावे आणि पाणी कोठे थांबते तेथे खडूने खूण करून छायाचित्र घ्यावे. हे अंतिम देयकापूर्वी केले तरच उपयोग असतो. खुणांची यादी, लाल रेषेपासूनची नवी मापे आणि आधीचे इतिवृत्त एकत्र जोडून शहर अभियंत्याला द्यावे आणि त्रुटी दुरुस्त होईपर्यंत अंतिम देयक अदा करू नये, अशी लेखी विनंती करावी. मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे अभियंता जिच्यात नोंदवतो त्या वहीची) प्रत याच वेळी मागावी आणि तिच्यातली जाडी आपल्या वहीतल्या जाडीशी ताडून पाहावी.

उत्तर न मिळाल्यास क्रमाने जावे: आयुक्त किंवा मुख्याधिकारी, मग महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, आपले सरकार संकेतस्थळावरील तक्रार, आणि नगरपरिषदेच्या बाबतीत जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका प्रशासन शाखा. एकाच दिवशी सर्व ठिकाणी अर्ज टाकले तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसते.

दोष दायित्व कालावधीत रस्ता उखडला, खचला किंवा तडकला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि त्याची सुरक्षा ठेव त्यासाठीच अडकवलेली असते. मात्र या काळात कोणी नळजोडासाठी किंवा केबलसाठी रस्ता फोडला, की कंत्राटदार जबाबदारीतून अंग काढून घेतो. म्हणून प्रत्येक खोदाईच्या वेळी परवानगीपत्र मागावे, चराची लांबी-रुंदी आणि दिनांक वहीत लिहावा, पूर्ववत करण्याचे शुल्क भरले आहे का ते विचारावे, आणि त्याची माहिती त्याच आठवड्यात बांधकाम विभागाला लेखी द्यावी. कालावधी संपण्याच्या दोन महिने आधी गल्लीची पुन्हा एकदा नळीने मोजणी करून जेथे रस्ता खचला आहे त्या घरक्रमांकांची यादी सादर करावी. ठेव परत गेल्यानंतर दिलेल्या यादीसाठी नवे अंदाजपत्रक करावे लागते.